नाईल आणि तेरणा

मोठ्या नद्यांची कीर्ती जगभर पसरते. लहान नद्यांची नावे पाचपन्नास गावांच्या पलीकडे सहसा जात नाहीत. आफ्रिकेच्या अंतर्भागात उगम पावून, सुमारे ६,६५० किलोमीटरचा प्रवास करून, इजिप्तच्या वाळवंटात हिरवी रेघ ओढीत भूमध्य समुद्रास मिळणारी नाईल नदी कोणास ठाऊक नाही? उलट, धाराशिव जिल्ह्यातून वाहत जाऊन मांजरेच्या कुशीत शिरणारी तेरणा मराठवाड्याबाहेर फारशी कोणाच्या ऐकिवातही नसते. एक साम्राज्यांची जननी, तर दुसरी चार शिवारांची तहान भागविणारी. असे असूनही या दोन नद्यांच्या काठच्या माणसांचा एके काळी परस्परांशी संबंध होता. तो राजांनी जोडला नव्हता, की सैन्यांनीही जोडला नव्हता. तो जोडला विणकराने, गाडीवानाने आणि नावाड्याने.

धाराशिव शहराच्या ईशान्येस तेरणेच्या काठी तेर नावाचे गाव आहे. संत गोरा कुंभार यांचे गाव म्हणून वारकऱ्यांच्या मुखी त्याचे नाव भक्तीने येते. गावात त्रिविक्रमाचे आणि उत्तरेश्वराचे प्राचीन मंदिर आहे. गावाभोवती पांढऱ्या मातीची उंच टेकाडे आहेत. वरवर पाहणाऱ्यास ती केवळ मातीची वाटतात. परंतु त्या मातीच्या पोटात दोन हजार वर्षांपूर्वीचे एक भरभराटीचे नगर निजलेले आहे. त्या नगराचे नाव तगर. सातवाहन राजांच्या काळात दख्खनच्या पठारावर ज्या मोजक्या पेठा गजबजलेल्या असत, त्यांत पैठणच्या जोडीने तगरचे नाव घेतले जाई.

तगरची हकीकत ज्या जुन्या लेखकाने लिहून ठेवली, तो तगरचा नव्हता, भारतातलाही नव्हता. इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या मध्यास इजिप्तमध्ये राहणाऱ्या एका ग्रीकभाषी व्यापाऱ्याने समुद्रप्रवासाचे एक छोटेसे पुस्तक लिहिले. ‘पेरिप्लस’ या नावाने ते ओळखले जाते. लेखकाचे नाव काळाच्या ओघात लुप्त झाले. पण त्याची दृष्टी किती चौकस होती, हे त्याच्या प्रत्येक ओळीवरून कळते. कोणत्या बंदरात खडक आहेत, कोठे ओहोटीच्या वेळी जहाज रुतते, कोणत्या पेठेत काय विकते आणि काय मिळते, हे सारे त्याने टिपून ठेवले. नर्मदेच्या मुखावरील भरुकच्छ, म्हणजे आजचे भरुच, या बंदराचे वर्णन करून तो सांगतो, की येथून दक्षिणेकडे वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आहे आणि पैठणपासून पूर्वेकडे दहा दिवसांच्या वाटेवर तगर नावाचे फार मोठे नगर आहे. पैठणहून अकीकाचे दगड येतात. तगरहून साधे कापड पुष्कळ येते आणि मलमलीचे नाना प्रकारही येतात. हा माल धड रस्ता नसलेल्या मोठमोठ्या मुलखातून गाड्यांवर लादून बंदरावर आणतात.

या दोन-तीन वाक्यांत केवढे चित्र सामावले आहे! तेरणेच्या काठी कोणी कापूस पिंजला, कोणी सूत काढले, कोणी मागावर बसून ते विणले. मग बैलगाड्यांचा तांडा निघाला. नद्यांचे उतार शोधीत, घाट चढत-उतरत, रात्री उघड्या माळावर मुक्काम करीत तो महिनाभराने भरुकच्छास पोचला. तेथे कापडाची गाठोडी जहाजात चढली. अरबी समुद्र ओलांडून ते जहाज तांबड्या समुद्रात शिरले आणि इजिप्तच्या बेरेनिके किंवा मायोस होर्मोस या बंदरात त्याने नांगर टाकला. तेथून उंटांच्या पाठीवरून माल वाळवंट ओलांडून नाईलकाठच्या कोप्टोस गावी आला. बेरेनिकेपासून कोप्टोसपर्यंतची ही वाट बारा दिवसांची असे, असे रोमन लेखक प्लिनी सांगतो. कोप्टोसहून नाईलच्या प्रवाहाबरोबर होड्या उत्तरेकडे निघत आणि अलेक्झांड्रिया या जगप्रसिद्ध नगरीत पोचत. तेरणेच्या पाण्यावर वाढलेले सूत अशा रीतीने नाईलच्या पाण्यावर तरंगू लागे.

एवढा लांबचा प्रवास शिडाची जहाजे करीत, ती कोणाच्या बळावर? मोसमी वाऱ्यांच्या. इजिप्तहून भरुकच्छास जाण्यास जुलै, म्हणजेच ‘एपिफी’ महिना योग्य, असे पेरिप्लसकार सांगतो. एपिफी हे इजिप्शियन पंचांगातील महिन्याचे नाव आहे. त्या सुमारास महाराष्ट्रात आषाढ असतो. नैर्ऋत्येकडून सुटलेला वारा शिडांत भरून घेऊन जहाजे भारताकडे येत आणि हिवाळ्यात वारा उलट फिरला, की ती परत जात. वाऱ्याची ही चाल ज्याला कळली नाही, त्याची नौका समुद्राने गिळलीच म्हणून समजावे.

ज्या पावसाळ्याने ही जहाजे भारतात आणली, तोच पावसाळा इजिप्तलाही जगवीत असे. इजिप्तमध्ये पाऊस जवळजवळ पडतच नाही. परंतु दूर दक्षिणेस इथिओपियाच्या डोंगरांवर उन्हाळ्याच्या अखेरीस धो धो पाऊस कोसळे, ते पाणी नाईलला मिळे आणि इजिप्तमध्ये निरभ्र आकाशाखाली नदीला पूर येई. पूर ओसरला, की शेतांवर काळ्याभोर गाळाचा थर साचे. त्या गाळातच इजिप्तचा शेतकरी बी टाकी. म्हणून प्राचीन इजिप्तचे लोक आपल्या देशाला ‘केमेत’, म्हणजे ‘काळी भूमी’ म्हणत आणि सभोवतालच्या वाळवंटाला ‘तांबडी भूमी’ म्हणत. मराठवाड्यातील शेतकऱ्यास यात नवल वाटण्याचे कारण नाही. तोही आपल्या शेताला ‘काळी’ आणि गावठाणाला ‘पांढरी’ म्हणतो. काळीला तर तो आईच मानतो. ज्या मातीवर माणसाचे पोट अवलंबून असते, तिच्या रंगावरूनच तो आपल्या जगाला नावे देतो.

वर्षाचे भागही दोन्हीकडे सारखेच. प्राचीन इजिप्तमध्ये चार-चार महिन्यांचे तीन ऋतू मानीत : पुराचा, पेरणीचा आणि कापणीचा. महाराष्ट्रातही पावसाळा, हिवाळा आणि उन्हाळा असे चार-चार महिन्यांचे तीन भाग सर्वांच्या तोंडी आहेत. इजिप्तवर पुढे ग्रीकांचे राज्य आले, रोमनांचे आले, अरबांचे आले. राजभाषा बदलली, धर्म बदलला. पण शेतकऱ्याचे महिने बदलले नाहीत. इजिप्तच्या ख्रिस्ती लोकांना कॉप्ट म्हणतात. त्यांच्या पंचांगात प्राचीन महिन्यांची नावे थोड्याफार फरकाने टिकून राहिली आणि तेथील मुसलमान शेतकरीही पेरणी-कापणीचा हिशोब त्याच महिन्यांवरून करीत आले. पेरिप्लसकाराचा ‘एपिफी’ आज ‘अबीब’ या नावाने ओळखला जातो. आपल्या शेतकऱ्याने सरकारी कामासाठी इंग्रजी महिने स्वीकारले, तरी पेरणीचा विचार तो मृग आणि आर्द्रा नक्षत्रांवरूनच करतो. तसाच हा प्रकार होय.

नाईलचा पूर का येतो, याचे उत्तर शास्त्रज्ञांनी पुढे दिले. लोकांनी ते त्याच्याही पूर्वी कथेतून दिले होते. ओसायरिस हा धान्याचा आणि परलोकाचा देव. त्याच्या दुष्ट भावाने त्याचा घात केला. तेव्हा त्याची पत्नी आइसिस शोक करू लागली आणि तिच्या आसवांनी नाईल दुथडी भरून वाहू लागली. दरवर्षी आइसिस रडते आणि दरवर्षी इजिप्त हिरवे होते, अशी त्या लोकांची श्रद्धा होती. दुःखातूनही जगाचे भले होऊ शकते, हा केवढा मोठा विचार त्या साध्या कथेत दडलेला आहे! आस्वानचे उंच धरण १९७० साली पूर्ण झाले आणि नाईलचा वार्षिक पूर थांबला. तरीही नाईलचे ऋण मानण्याचा उत्सव इजिप्तमध्ये ऑगस्ट महिन्यात अजूनही केला जातो. पूर गेला, पण कृतज्ञता राहिली.

याहूनही मनोहर कल्पना आहे ती ख्नुम या देवाची. मेंढ्याचे मस्तक असलेला हा देव कुंभार होता. नाईलची माती चाकावर ठेवून तो माणसांना घडवितो, असे इजिप्तचे लोक मानीत. राजा असो वा रंक, सर्व त्याच्याच चाकावरून उतरलेले. लक्सोरच्या मंदिरात एक शिल्प आहे. ख्नुम चाकाजवळ बसून भावी राजाला आणि त्याच्या आत्मरूप प्रतिमेला घडवीत आहे, असे त्यात दाखविले आहे. ज्या देशातील राजांनी स्वतःला देव म्हणवून घेतले, त्याच देशातील मंदिराच्या भिंतीवर राजा हा कुंभाराच्या हातची माती आहे, असे कोरून ठेवलेले आहे.

तेरच्या माणसाला हे चित्र पाहून गोरोबाकाकांची आठवण झाल्याखेरीज राहणार नाही. तेराव्या-चौदाव्या शतकातील हा संत व्यवसायाने कुंभार. संतमंडळींत वयाने वडील म्हणून सर्वजण त्यांना काका म्हणत. विठ्ठलनामात देहभान हरपलेल्या गोरोबांच्या पायांखाली, चिखल तुडविताना, त्यांचे स्वतःचे मूल सापडले आणि पुढे पांडुरंगाच्या कृपेने ते परत लाभले, ही कथा महाराष्ट्रात घरोघरी सांगितली जाते. दुसरी कथा मडक्यांच्या परीक्षेची. एकदा संतमेळ्यात मुक्ताबाईंनी गोरोबांना विचारले, की यांतील मडकी पक्की किती आणि कच्ची किती? गोरोबांनी मडकी ठोकण्याचे थापटणे उचलले आणि एकेका संताच्या डोक्यावर हळूच मारून पाहिले. सारे शांत राहिले. नामदेवांना मात्र राग आला. गोरोबांनी निकाल दिला, की हे मडके अजून कच्चे आहे. नामदेव दुखावले, पण त्या दुखण्यातूनच त्यांना गुरूचा शोध घेण्याची बुद्धी झाली.

ख्नुम आणि गोरोबा यांचा एकमेकांशी कोणताही संबंध नव्हता. दोघांमध्ये हजारो वर्षांचे आणि हजारो मैलांचे अंतर आहे. तरीही दोन्ही समाजांना माणूस म्हणजे मातीचे भांडे वाटावे, हा योगायोग नव्हे. नदीकाठच्या गावात चाकावर मातीचा गोळा फिरताना जो पाहील, त्याच्या मनात हा विचार येणारच. काम करणाऱ्या हातांनीच जगाला मोठे विचार सुचविले आहेत.

इजिप्तच्या लोकांना कथा फार प्रिय. त्यांच्या एका कथेला आज सुमारे ३,८०० वर्षे झाली. तिचा नायक राजा नव्हे, तर एक गरीब खेडूत आहे. खुन-अनुप त्याचे नाव. गाढवांवर मीठ आणि इतर जिन्नस लादून तो धान्य आणावयास निघाला. वाटेत एका धनिकाने कपट केले. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला जवाचे शेत आणि मध्ये चिंचोळी वाट. त्या वाटेवरच त्याने एक वस्त्र पसरून ठेवले. वस्त्रावर पाय न पडावा म्हणून खेडूत शेताच्या कडेने चालला. एका गाढवाने जवाची एक ओंबी तोंडात धरली. झाले! तेवढ्या अपराधासाठी धनिकाने सारी गाढवे हिसकावून घेतली आणि वर त्याला मारही दिला.

खेडूत मुख्य कारभाऱ्याकडे न्याय मागावयास गेला. त्याचे बोलणे इतके ओघवते आणि सत्यनिष्ठ होते, की कारभाऱ्याने ही वार्ता राजाला कळविली. राजाने सांगितले, ‘त्याला लवकर उत्तर देऊ नका, त्याचे शब्द लिहून घ्या. मात्र त्याच्या बायकामुलांना धान्य पोचवीत राहा आणि ते कोण देतो, हे त्याला कळू देऊ नका.’ खेडूत एकदा आला, दोनदा आला, नऊ वेळा आला. न्यायाधीश हा तराजूसारखा असावा आणि तराजू कधी कलत नाही, अशा आशयाची त्याची भाषणे होती. अखेरीस त्याला न्याय मिळाला आणि त्या कपटी धनिकाची मालमत्ताही त्यालाच देण्यात आली. ही कथा त्या काळच्या लेखकांनी पुनःपुन्हा उतरवून घेतली. पिरॅमिड बांधणाऱ्या राजांची नावे विसरणारे लोकही हा खेडूत विसरत नाहीत. कारण अन्यायापुढे न थकता नऊ वेळा उभा राहणारा माणूस सर्व काळी सर्वांना हवा असतो.

सणांच्या बाबतीतही एक गोड साम्य दिसते. इजिप्तमध्ये वसंत ऋतूत ‘शम्म अन्-नसीम’ नावाचा सण येतो. त्याचा अर्थ ‘वाऱ्याचा सुगंध घेणे’. कॉप्ट ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी, ख्रिस्ती आणि मुसलमान अशी सर्व कुटुंबे घराबाहेर पडतात. नाईलच्या काठी, बागांत, हिरवळीवर बसून खारवलेले मासे, कांद्याची पात आणि रंगविलेली अंडी खातात. धाराशिव आणि लातूर भागातील येळवस अशीच नाही का? मार्गशीर्ष अमावस्येला, म्हणजे वेळ अमावस्येला, गावेच्या गावे ओस पडतात, कारण सारी माणसे शेतात गेलेली असतात. कडब्याची खोप करून तिच्यात पांडवांची पूजा होते. भज्जी, उंडे, खीर आणि आंबील यांची पंगत उभ्या पिकात बसते. ज्याला स्वतःचे शेत नाही, त्यालाही आग्रहाने बोलावले जाते. काळ्या मातीने वर्षभर माणसाला खाऊ घातले, म्हणून एक दिवस माणसाने तिच्या दारी जाऊन जेवावे, एवढाच या दोन्ही सणांचा भाव आहे.

श्रद्धेची स्थानेही अशीच एकावर एक उभी राहतात. लक्सोरच्या प्राचीन मंदिराच्या आवारातच अबू अल्-हग्गाग या मुसलमान संताची मशीद आहे. त्याच्या उत्सवात आजही नौका मिरविल्या जातात. प्राचीन काळी त्याच गावात देवाच्या नौकेची मिरवणूक निघत असे. तेरचे त्रिविक्रम मंदिरही पाहण्याजोगे आहे. त्याचा विटांचा, पाठीमागे गोलाकार असलेला गाभा हे मूळचे बौद्ध चैत्यगृह असावे, असे अभ्यासक मानतात. पूजेची नावे बदलली, तरी लोकांनी त्या जागेचे पावित्र्य जपले. म्हणूनच त्या भिंती आजवर उभ्या राहिल्या.

काळ मात्र फार निष्ठुर असतो. तो मोठमोठ्या वैभवालाही विस्मृतीत लोटतो. इजिप्तच्या चित्रलिपीतील अखेरचा ज्ञात लेख इसवी सन ३९४ मध्ये फिले बेटावर कोरला गेला. त्यानंतर ती लिपी वाचणारे कोणी उरले नाही. चौदाशे वर्षे मंदिरांच्या भिंती बोलत होत्या. ऐकणारा कोणी नव्हता. १७९९ साली रोझेटा येथे एक शिलालेख सापडला. त्यावर एकच मजकूर चित्रलिपीत, सामान्य व्यवहाराच्या इजिप्शियन लिपीत आणि ग्रीक भाषेत कोरलेला होता. फ्रान्सचा शांपोल्यों हा लहानपणापासून भाषांचा वेडा. त्याने कॉप्टिक भाषा शिकून घेतली होती. कारण कॉप्ट लोकांच्या प्रार्थनेत प्राचीन इजिप्तचीच भाषा वेगळ्या अक्षरांत जिवंत राहिली आहे, हे त्याला ठाऊक होते. त्या आधारे १८२२ साली त्याने चित्रलिपीचे कोडे उलगडले. राजांनी कोरलेले शब्द मुके झाले होते. साध्या भाविकांच्या ओठांवरील शब्दांनी त्यांना पुन्हा वाचा दिली.

तगरच्या बाबतीतही नेमके हेच घडले. दुसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या टॉलेमीने आपल्या भूगोलात तगरचे नाव नोंदविले. पुढे शिलाहार राजे स्वतःस मोठ्या अभिमानाने ‘तगरपुरवराधीश्वर’ म्हणवीत. पण हे तगर नेमके कोठे, हे मात्र लोक विसरून गेले. कोणी म्हणे ते देवगिरी, कोणी म्हणे जुन्नर, कोणी म्हणे कोल्हापूर. अखेर १९०१ साली जॉन फेथफुल फ्लीट या अभ्यासकाने तगर म्हणजेच तेर असे प्रतिपादिले आणि पुढील उत्खननांनी त्याला बळकटी दिली. शब्दांचा प्रवासही हेच सांगतो. संस्कृत शब्दांतील मधला ‘ग’ प्राकृतात गळून पडतो. ‘नगर’ याचे ‘नयर’ आणि पुढे ‘नेर’ झाले. अमळनेर, पिंपळनेर, संगमनेर ही गावे त्याची साक्ष देतात. त्याच नियमाने ‘तगर’चे ‘तेर’ झाले. विद्वान देशभर शोध करीत होते. पण तेरणाकाठचा गुराखी मात्र ते नाव दोन हजार वर्षे रोज उच्चारीत होता.

नाव सापडले, आता पुरावा हवा होता. तो मातीने दिला. १९५८ साली आणि त्यानंतरही तेर येथे उत्खनने झाली. त्यापूर्वीपासून गावातील रामलिंगप्पा लामतुरे हे गृहस्थ एकट्याच्या हिमतीने एक विलक्षण काम करीत होते. शेतात, ओढ्यात, टेकाडांवर सापडणारे मणी, नाणी, मातीच्या मूर्ती, दिवे, शंखाच्या बांगड्या त्यांनी वर्षानुवर्षे गोळा केल्या. ज्या वस्तू लोक खापर म्हणून फेकून देत, त्या त्यांनी जिवापाड जपल्या. अशा हजारो वस्तू आज त्यांच्याच नावाने तेरला उभ्या असलेल्या शासकीय संग्रहालयात आहेत. तेथील एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती तर दूरदेशीची आठवण करून देते. इटलीतील पॉम्पेई हे नगर इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेत गाडले गेले. तेथे १९३८ साली एक भारतीय हस्तिदंती मूर्ती सापडली. तेरची मूर्ती तिच्या सख्ख्या बहिणीसारखी दिसते.

तिकडे तांबड्या समुद्राच्या काठी बेरेनिके येथे १९९४ पासून उत्खनन सुरू झाले. वाळूने झाकलेल्या त्या बंदरात काय नव्हते! भारतीय घडणीच्या एका मोठ्या रांजणात सुमारे साडेसात किलो काळी मिरी जशीच्या तशी मिळाली. भारतातील सागवान सापडले. २०२२ साली तेथील मंदिरात बुद्धाची ७१ सेंटिमीटर उंचीची संगमरवरी मूर्ती सापडली. सातवाहनांची दोन नाणीही तेथे मिळाली. ज्या राजांची नाणी तेरच्या मातीतून निघतात, त्याच राजांची ही नाणी!

आणि तेथे सापडल्या सुती कापडाच्या चिंध्या. त्या भारतीय, हे कसे ओळखावे? धाग्याच्या पिळावरून. इजिप्तमध्ये तागासारख्या जवसाच्या धाग्याला एका दिशेने पीळ देत. भारतात कापसाच्या सुताला त्याच्या उलट दिशेने पीळ देत. कापड फाटले, रंग विटला, विणणारा काळाच्या पडद्याआड गेला. पण त्याच्या बोटांनी दिलेला पीळ दोन हजार वर्षांनंतरही सुटला नाही. त्यांतील एखादी चिंधी तगरच्या मागावरची असेल का? तिच्यावर नाव नाही. परंतु तगरचे कापड याच समुद्रमार्गाच्या बंदरावर चढत होते, हे पेरिप्लसकार सांगून गेला आहे.

इजिप्तमध्ये गिझाच्या पिरॅमिडांजवळ २०२५ साली एक भव्य संग्रहालय जगाला खुले झाले. तेथील सोन्याचा मुखवटा पाहून लोक थक्क होतात. तेरच्या लहानशा संग्रहालयात तसे सोने नाही. तेथे आहे ती बहुधा माती : मातीची खेळणी, मातीचे दिवे, मातीच्या मूर्ती. परंतु सोने राजाचे असते. माती सर्वांची असते. दोन हजार वर्षांपूर्वी एखाद्या मुलाने ज्या खेळण्याशी खेळून सायंकाळी आईच्या हाकेसरशी ते टाकून धाव घेतली असेल, ते खेळणे तेथे आहे. सामान्य माणसांचा इतिहास असाच असतो. तो ग्रंथांत थोडा आणि मातीत पुष्कळ सापडतो.

म्हणूनच ही माती जपावयास हवी. इजिप्तमध्ये चोरांनी प्राचीन काळापासून थडगी फोडली, वस्तू विकल्या आणि त्या वस्तूंबरोबर त्यांची हकीकत कायमची नाहीशी झाली. वस्तू ज्या थरात निजलेली असते, तो थर म्हणजे तिची जन्मपत्रिका. ती फाडून टाकली, की सुंदर मूर्तीही पोरकी होते. पांढरीची माती घरे लिंपण्यासाठी खणून नेण्याची जुनी रीत होती. तीत अशा किती जन्मपत्रिका फाटून गेल्या असतील! नांगराला लागलेले खापर, पावसाने उघडा पडलेला मणी, ओढ्याच्या दरडीत डोकावणारी वीट ही कोणा एकाची मिळकत नव्हे. ते गावाचे स्मरण आहे. ते जेथे सापडले तेथेच राहू द्यावे आणि जाणत्यांना कळवावे. एका गावकऱ्याच्या जपणुकीमुळे तेरची कहाणी जगापुढे आली, हे तेरच्या मुलांनी कधीही विसरू नये.

तेरणा आजही वाहते. तिच्या काठी कापसाच्या गाड्या आता भरुकच्छाची वाट धरीत नाहीत आणि बेरेनिकेच्या धक्क्यावर एकही जहाज लागत नाही. पण आषाढाचा वारा अजून नैर्ऋत्येकडूनच सुटतो. अबीब महिना लागला, की इजिप्तचा शेतकरी आपल्या शेताकडे पाहतो. त्याच सुमारास तेरचा शेतकरी आकाशाकडे पाहतो. दोघांची भाषा निराळी, देव निराळे, पोशाख निराळा. तरी दोघांच्याही पायांखाली काळीच माती आहे आणि तिच्यात कष्ट करणारे हात सारखेच आहेत.